अनुभव धागा: फलाटावर वाढलेली मुलं सेवेत उतरतात तेव्हा

पुणे स्टेशन, स्वारगेट, मार्केट यार्डात वाढलेली काही लेकरं आज ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळक आहेत, वसतिगृहांत दादा-ताई आहेत. त्यांना घडवताना काय लागतं, कुठे चुकतं? साक्ष (आपण श्रद्धेने कसे बदललो ती कहाणी) नको, कामाचं लिहा.

फलाटसेवक:
बाही नाकाशी धरून बसलेलं पोर दिसलं की समजायचं, आत नशेसाठी हुंगायचा व्हाइटनरचा बोळा आहे. नवखा सेवक तो हिसकावतो. असं कधीच करू नका. ओढल्याबरोबर पोर घाबरून पळालं, तर हृदयाचे ठोके बिघडून जागीच दगावू शकतं. शेजारी उकिडवं बसा, पाणी द्या, आवाज खाली ठेवा. फलाटावरून आलेल्या सेवकाला हे शिकवावं लागत नाही, म्हणून पहिल्या भेटीला त्यालाच पुढे करा. लगेच गाव विचारू नका. पोर भीतीपोटी खोटं सांगतं आणि तेच कागदावर चढतं.

मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत पोर बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणारी सरकारी समिती) गेलं पाहिजे. ‘आज रविवार, उद्या बघू’ म्हणत प्रार्थनेच्या खोलीत झोपवलं आणि कुणाला कळवलंच नाही, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली तो गुन्हा: सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

आणि ताटाआधी प्रार्थनेची सक्ती नको. भुकेलं पोर भाकरीसाठी काहीही म्हणेल.

वसतिगृहातली ताई:
दादांचं पटलं. कागदांचं सांगते. जन्मदाखला नाही म्हणून पुढे कॉलेजचा अर्ज अडतो. समितीने नोंदवलेलं वय बाल न्याय अधिनियमाच्या कामापुरतं खरं धरलं जातं (कलम ९४). त्या आदेशाची प्रत मूल लहान असतानाच फाइलला लावा. अठरानंतरची मदत साधारण २१ पर्यंतच, त्यामुळे दहावी आणि हाताला एखादं काम आधी, बायबल कॉलेज नंतर. केडगावच्या मुक्ति सदनात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातल्या मुलींना असंच कामाला लावलं: शिवण, विणकाम, छापखाना. त्यांचं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं.

पाळक:
साक्षीसाठी घाईने मंचावर चढवू नका. तीच आठवण दर रविवारी उकरली की झोप उडते, जुनं व्यसन परत बोलावतं. अठराखालच्या मुलाचं नाव, फोटो देणगीपत्रकात तर नकोच. फलाटसेवेला पहिलं वर्षभर दोघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही. जुने सोबती तिथेच बसलेले असतात. मानधन ठरलेल्या तारखेला, बँक खात्यात.