वाटीभर साय

शनिवार, सकाळ, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर

वैनी (नांदेड): ताई, एक विचारायचं होतं. यांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यापासून मी दुधावरची साय रोज काढायलेय. वाटी भरली की मोरीत टाकते. घरात राहिली की हे रात्री साखर घालून खातात. दूधच बंद करू का? का डबल टोन्ड आणू?

आत्या (अंबाजोगाई): मोरीत??

आत्या: साय मोरीत टाकायलीस व्हय ग माय?

काका (लातूर): वैनी, मला सांगितलं असतं तर मी नांदेडला येऊन घेऊन गेलो असतो.

वैनी: आत्याबाई, रागावू नका. तूप, लोणी, साय सगळं कमी करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. घरात आम्ही दोघंच. कोण खाणार?

आत्या: रागावले नाही ग. पण सांगते ते ऐक. आपल्या घरी दोन म्हशी होत्या, मराठवाडीच. खांद्यापर्यंत मागं गेलेली लांब शिंगं. एकेक म्हैस दोन वक्ताला मिळून चार लिटरच्या पुढं जायची नाही, पण दूध असं दाट की बोट बुडवलं तर पांढरं होऊन यायचं. बाकीचं सगळं डेअरीला, घरात लिटरभर. त्या लिटरभराची साय आमच्या आईनं कुणाच्या ताटात पडू दिली नाही. मडक्यात साठवायची, शिंक्यावर ठेवायची. आठ दिवसाला लोणी. महिन्याला किलोभर तूप व्हायचं आणि ते बाजारात जायचं. तुझ्या सासऱ्याच्या दहावीची फी त्या तुपातून भरलेली आहे. मला साय मिळाली ती दोनदाच. एकदा टायफॉइडमधून उठले तेव्हा, आन् एकदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा.

दादा (नांदेड): आत्या, फीचं हे बाबांनी मला कधीच सांगितलं नाही.

आत्या: त्यानं कशाला सांगावं. तूप विकणं म्हणजे तेव्हा कमीपणा वाटायचा लोकांना.

वैनी: मला खरंच माहीत नव्हतं आत्याबाई. आजपासून नाही टाकणार. पण मग करू काय तिचं?

मी: वैनी, दूध बंद करू नका आणि सायही टाकू नका. आधी दादाचं बघू. दुधातलं कॅल्शियम आणि बहुतेक प्रथिनं खालच्या पातळ भागात राहतात. वर येतो तो मुख्यतः स्निग्धांश आणि त्यात विरघळलेलं अ जीवनसत्त्व. साय काढलेलं दूध दादानं प्यायलं तर त्याच्या हाडांचं काहीच कमी होत नाही. तुम्ही साय काढायलात हे बरोबरच आहे, चुकतंय ते फक्त मोरीपाशी. माझ्याकडं आहाराचा सल्ला घ्यायला येणारे बरेच जण याच्या उलट करतात. पोराला ताकद यावी म्हणून सायीची वाटी देतात आणि खालचं दूध चहाला. हाडं वाढायला लागतं ते सगळं त्या चहात जातं.

काका: आपल्या घरी पण असंच चालायचं. धाकट्याला साय, आम्हाला चहा.

बबडी (एक्सेटर): मी आत्ता उठले, सगळं वाचलं. आत्या, मी राहते तो इंग्लंडमधला जिल्हा डेव्हन. इथले लोक सायीवर जीव टाकतात. क्लॉटेड क्रीम म्हणतात. स्कोन नावाची जाडसर बन असते, ती अर्धी कापायची, त्यावर जॅम आणि ही क्रीम. डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग क्रीम, आणि दोन्हीकडचे यावर मनापासून भांडतात.

बबडी: पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला आजीच्या चुलीचा वास आला. खोटं नाही सांगत. वर पिवळसर खरपूस पापुद्रा, खाली लोण्यासारखं मऊ.

आत्या: ती पण दूध तापवूनच करतात?

बबडी: हो, पण उकळी येऊ देत नाहीत. जुनी पद्धत अशी की ताजं दूध पसरट भांड्यात रात्रभर ठेवायचं, मलई आपोआप वर येते. मग तेच भांडं अगदी मंद आचेवर काही तास. मग हलवायचं नाही, पुन्हा रात्रभर गार होऊ द्यायचं. सकाळी वरचा थर झाऱ्यानं उचलायचा. १९९८ पासून कॉर्निश क्लॉटेड क्रीम हे नाव युरोपात संरक्षित झालं. त्या नावानं विकायची तर दूध कॉर्नवॉलमधलंच हवं आणि स्निग्धांश किमान ५५ टक्के.

आत्या: अगं हे तर वैलावरचं दूध!

आत्या: स्वयंपाक झाला की चुलीतली लाकडं ओढून घ्यायची आन् दुधाचं मडकं वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, सरकवायचं. खाली एखादी गोवरी धुमसत असायची. दुपारपर्यंत दूध तसंच. उतू जात नाही, उकळत नाही, नुसतं थरथरतं. साय अशी यायची की सुपारीएवढा खडा टाकला तर वर राहावा. रंग बदामी. गॅसवर भसकन उकळलेल्या दुधाला ती चव नाही येत. घाई केली की साय पातळ, हे आमची आई सांगायची.

बाळू (उदगीर): आत्या, कॉलेजात आम्हाला हेच शिकवलंय. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ८ टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार. शिवाय म्हशीच्या दुधातले स्निग्ध कण मोठे, म्हणून ते भराभर वर येतात. दूध तापलं की पृष्ठभागावरचं पाणी उडतं, प्रथिनं आकसून एकमेकांना धरतात आणि त्या जाळीत चरबी अडकते. ती साय. भसाभस उकळलं की जाळी सारखी फाटते, म्हणून पातळ.

वैनी: मग आमच्या पिशवीच्या दुधाला कधी येते कधी येत नाही ते का? शेजारच्या म्हणतात साय आली नाही म्हणजे भेसळ.

बाळू: नाही वैनी. त्यावरून भेसळ ठरत नाही. टोन्ड दुधात फॅटच ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये ६. त्यात बरंचसं पिशवीचं दूध होमोजिनाइज्ड असतं. प्रचंड दाबानं बारीक फटीतून सोडतात, कण इतके बारीक होतात की दुधातच तरंगत राहतात, वर येतच नाहीत. पिशवीवर लिहिलेलं असतं, बघून घ्या. सायीसाठी घ्यायचं तर गवळ्याचं म्हशीचं दूध घ्या, आणि ते तापवल्याशिवाय अजिबात वापरू नका.

दादा: ताई, थेट सांग. मी साय खाऊ का नको?

मी: थेट सांगते. बबडीच्या त्या क्रीमचे आकडे घे, कारण ते ठरलेले आहेत. १०० ग्रॅमला साधारण ५८० कॅलरी, स्निग्धांश ६३ ग्रॅम. प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम. दोन मोठे चमचे म्हणजे ३० ग्रॅम धरले तर १७५ कॅलरी आणि संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट, कोलेस्टेरॉल वाढवते ती) १२ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी संपृक्त चरबीतून १० टक्क्यांपेक्षा कमी याव्यात. २००० कॅलरी खाणाऱ्याला ती मर्यादा २२ ग्रॅम. म्हणजे दोन चमच्यांत निम्म्याहून जास्त संपली. घरच्या सायीत दूधही येतं, त्यामुळं ती इतकी दाट नसते, पण तू दोन चमचे खात नाहीस, वाटी खातोस. वर साखर. तेही रात्री, टीव्हीसमोर.

मी: म्हणून रात्रीची वाटी बंद. रिपोर्ट सुधारेपर्यंत जेवणात घरचं तूप एक लहान चमचा, तोही तुझ्या डॉक्टरांना विचारून. सणाला सायीचं दही दोन घास. वजन वाढत नसलेल्या पोराला, आजारातून उठलेल्या माणसाला साय चांगलीच, थोड्या घासात भरपूर ऊर्जा मिळते. आजीनं आत्याला ती टायफॉइडनंतर दिली, ते किती बरोबर होतं बघ.

आत्या: आईला वाचता येत नव्हतं.

काका: मला मात्र सायीची चटणी आठवली. खलबत्त्यातली शेंगदाण्याची चटणी, तिच्यात चमचाभर साय कालवायची, ज्वारीची गरम भाकरी. तिखटपणा मागं सरतो आणि शेंगदाण्याचा गोडवा पुढं येतो. आणि धपाट्यांबरोबर सायीचं दही. साध्या दह्याबरोबर धपाटे मी आजही खाऊ शकत नाही.

वैनी: सायीचं दही म्हणजे वेगळं विरजण?

आत्या: विरजण तेच. साय जास्त, दूध थोडं, कोमट करायचं, विरजण लावायचं आन् हलवायचं नाही. सुरीनं कापावं असं लागतं. उन्हाळ्यात चार तास पुरतात, थंडीत रातभर ठेव.

मी: आणखी एक. शंकरपाळ्याच्या पिठात मोहन म्हणून तूप घालतो तिथं थोडी साय घालून बघा, खुसखुशीत होतात. कोफ्ता, पनीर यांच्या रश्शात घालताना गॅस बंद करून शेवटी घालायची. टोमॅटोचा आंबटपणा आणि उकळी एकत्र आली की पातळ साय फुटते. दाट साय तितकी फुटत नाही, कारण तिच्यात गोठायला प्रथिनंच कमी. बाजारातली फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तिला जास्त जपावं लागतं.

बाळू: साय फक्त आपली आणि इंग्रजांची नाही बरं का. तुर्कस्तानात कायमाक म्हणतात, म्हशीच्या दुधाची चांगली मानतात, सकाळी मधाबरोबर खातात. इराणमध्ये सरशीर. सर म्हणजे डोकं, शीर म्हणजे दूध. दुधाचं डोकं! ईदच्या शीरखुर्म्यातला शीर तोच.

मी: इथं छत्रपती संभाजीनगरला आमच्या शेजारच्या खाला दर ईदला खुबानी का मीठा पाठवतात, वर मलईचा जाड थर. जर्दाळू आंबटगोड आणि मलई बिनसाखरेची, म्हणून ती जोडी जमते. डबल का मीठा, म्हणजे ब्रेडचा गोड पदार्थ, त्यातही त्या मलईच घालतात. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, ती चव इथल्या घरांत राहिली. माझ्या मते सायीचा सगळ्यात समजूतदार वापर हाच. फळ, वर एक चमचा साय, आणि साखर नाही. दादा, सीताफळाच्या दिवसांत असा एक चमचा मी तुला देईन. वाटी नाही.

दादा: कबूल.

वैनी: आत्याबाई, फ्रीजमध्ये आजची आणि कालची मिळून वाटीभर साय आहे. तूप होईल का?

आत्या: एका वाटीचं काय होणार. आठ दिवस साठव. डब्यात पहिल्यांदाच चमचाभर दही घाल, म्हणजे कडवट वास लागत नाही. रोज साय टाकली की हलव. आठ दिवसांच्या वर ठेवू नको. पुढच्या शनिवारी रात्री डबा बाहेर काढ आन् सकाळी उजाडायच्या आत घुसळ. उन्हं चढली की लोणी वितळून ताकात बसतं, गोळा येत नाही. माठातलं पाणी घाल, नाहीतर बर्फ. रवी नसली तर मिक्सर चालतो, पण थांबून थांबून फिरव.

आत्या: लोणी दोन-तीन पाण्यानं धू. कढवताना आच मंद. बुडबुड्यांचा आवाज थांबत आला आन् खाली तांबूस दिसायला लागलं की एक विड्याचं पान टाक. पान कुरकुरीत झालं की उतरव. नंतर एक क्षण थांबलीस तरी जळतं.

बबडी: आत्या, मी इथं करून बघू का? इथलं दूध गाईचं.

आत्या: कर की. तूप पिवळं होईल, आपलं पांढरं. कमी निघेल एवढंच.

पुढचा रविवार, सकाळी सात

वैनी: लोणी आलं!! साडेपाचला उठले होते. आधी नुसता फेस, मला वाटलं बिघडलं. बर्फ घातला आणि एकदम गोळा.

बाळू: थंड झाल्यावरच कण एकमेकांना चिकटतात वैनी. लिटरभर दुधाच्या आठ दिवसांच्या सायीचं पाव किलोच्या आसपास तूप निघायला पाहिजे.

काका: ताक टाकू नका. जिरं, मीठ, कोथिंबीर.

वैनी: ताक यांनी दोन पेले घेतलं. ताई, चालतं ना?

मी: लोणी काढलेलं ताक आहे, खुशाल घेऊ दे. मीठ बेतानं.

वैनी: तूप झालं. पान टाकलं होतं आत्याबाई. मोजलं, २४० ग्रॅम. घरभर वास सुटलाय.

दादा: मी स्वयंपाकघरात उभा आहे. वास घ्यायला परवानगी आहे ना ताई?

मी: वास पाहिजे तेवढा घे. आणि आज वरणभातावर एक लहान चमचा.

वैनी: आत्याबाई, ही पहिली बरणी तुमची. हे मंगळवारी कामानं अंबाजोगाईला येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते.

आत्या: मला कशाला ग एवढं. अर्धं ठेव घरात.

वैनी: नाही, सगळं पाठवणार आहे. पुढच्या आठवड्याचं आमचं.

आत्या: बरं. मग तुपाच्या तळाची बेरी पण पाठव. फेकू नको. तुझ्या सासऱ्याला साखर घालून बेरी लई आवडायची, आई खरवडून फक्त त्याला द्यायची.

वैनी: वेगळ्या डबीत भरली आत्याबाई. साखर घातली नाही, तुम्ही घाला.