पहिली चांगली इलेक्ट्रिक गिटार: जुन्या घडणीची की नव्या फीचर्सची? नाशिककरांनो, अनुभव लिहा

नवीन_स्ट्रॅट_पाहिजे
मंडळी, कॉलेजभर गिवसनच्या स्वस्त गिटारवर खडखडाट केला, मग सेकंडहँड स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) वापरली, आता नोकरी लागून थोडे पैसे साठलेत तर पहिली खरोखरची चांगली इलेक्ट्रिक घ्यायचीये. स्ट्रॅटच (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) हवी हे फिक्स आहे, घोळ पुढचा आहे. एक आहे जुन्या मापाची, ७.२५ इंच रेडियस (बोर्डची गोलाई, आकडा लहान तितका बोर्ड गोल), २१ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या), सहा स्क्रूवाला ट्रेमोलो (दांडीने सूर हलवणारा ब्रिज). दुसरी त्याच कंपनीची मॉडर्न, ९.५ रेडियस, २२ फ्रेट, दोनच स्क्रूंवर टेकलेला ब्रिज आणि टोनच्या नॉबमध्ये लपवलेला पुश-पुश स्विच, दाबला की नेकजवळचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक-कॉइल) सोबत लागतो. मित्र म्हणतात जुनीच घे, बाकी सगळं मार्केटिंग. ज्यांनी स्वतःच्या खिशातून घेतलीये त्यांनी लिहा प्लीज, यूट्यूब सगळं बघून झालंय.

इंदिरानगरचा_बेसूर
माझ्याकडे जुन्या मापाचीच आहे. बार कॉर्ड धरायला एवढं सुख दुसऱ्या कुठल्या नेकवर मिळालं नाही, हात आपोआप बसतो. पण अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली ठेवून बाराव्या फ्रेटच्या पुढे पूर्ण सुराचा बेंड मारला (तार बोटाने ओढून सूर चढवला) की नोट मध्येच मरते, कारण बोर्ड जास्त गोलसर असल्याने तार ओढली की पुढच्या फ्रेटला टेकते. मी जुनी हिंदी गाणी, ऱ्हिदम वगैरे जास्त वाजवतो त्यामुळे चालून जातं. सोलो वाजवणार असशील तर ९.५ घे.
खरा त्रास वेगळाच आहे. ट्रस रॉडचा (नेकचा बाक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) स्क्रू नेकच्या बुडाशी, म्हणजे तारा सैल करा, नेक उतरवा, पाव आटा फिरवा, परत बसवा, आणि अंदाज चुकला तर पुन्हा तेच. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, मार्च-एप्रिलात एवढं सुकतं की फ्रेट्सची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. हेडस्टॉककडून अ‍ॅडजस्ट होणारी असती तर पाच मिनिटांचं काम होतं. हे फीचर जाहिरातीत कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

अंबड_एमआयडीसी
+१ ट्रस रॉडला. त्या यादीत मी स्टेनलेस स्टील (एसएस) फ्रेट्सची भर घालतो. नेहमीच्या फ्रेट्सना निकेल सिल्व्हर म्हणतात पण चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त. रोज बेंड मारणाऱ्याच्या हातात काही वर्षांत खड्डे पडतात, मग रीफ्रेट करा, म्हणजे फ्रेट्स बदला, आणि त्यासाठी गिटार मुंबई किंवा पुण्याला न्या. एसएस कामावर रोज कापतो, टूल कसं खातं ते माहितीये, म्हणूनच रीफ्रेटवाले त्याचे जास्त पैसे लावतात. आधीच बसवलेली मिळत असेल तर घेऊन मोकळा हो. आवाज टोकदार होतो म्हणतात, मला तरी कळला नाही, पण मी दिवसभर प्रेसशेजारी उभा असतो त्यामुळे माझ्या कानांवर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा 😄 अ‍ॅक्शन मात्र फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजतो, डोळ्याने नाही.
रोस्टेड मेपलचा नेकही बघ, भाजल्याने लाकडातला ओलावा गेलेला असतो, हवामान बदललं तरी कमी हलतो.

ऑर्केस्ट्रावाले_काका_पंचवटी
बाळांनो, जुनी जुनी म्हणता ती स्ट्रॅट १९५४ ला आली तेव्हा तीच सगळ्यात मॉडर्न होती. आधी स्विच तीनच पोझिशनचा होता. लोक तो दोन खाचांच्या मध्ये अडकवून वेगळा आवाज काढायचे, कंपनीने १९७७ ला पाच पोझिशनचा दिला. आज जुन्या घडणीचे भक्त तोच आवाज देव्हाऱ्यात ठेवतात.
उलटंही होतं बरं का. गिब्सनने २०१५ ला बहुतेक मॉडेलवर आपोआप ट्यून करणारी मोटर, रुंद नेक, पितळी नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात तो भाग) असं सगळं एकदम लादलं, किंमतही चढवली. गिऱ्हाईक भडकलं. २०१६ ला ट्रॅडिशनल आणि हाय परफॉर्मन्स अशा दोन रांगा केल्या आणि मोटर दुसरीतच ठेवली. म्हणजे फीचर वाजवणाऱ्याने मागितलेलं आहे की ऑफिसात बसून कोणी सुचवलेलं, एवढं बघा.

रविवार_कारंजा_ब्लूज
मी वाड्यात राहते, वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं. सिंगल कॉइल पिकअपची गिटार लावली की अ‍ॅम्पमधून अखंड गुंगुंगुं, तारांना हात लावला की थोडं कमी. स्ट्रॅटच्या स्विचच्या दोन आणि चार नंबरला गुणगुण जाते कारण नव्या गिटारींमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, पण एक, तीन, पाचला आहेच. शेवटी यामाहा पॅसिफिका ६१२ घेतली, ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा, गुणगुण मारणारा पिकअप). त्यातली एकच कॉइल चालू ठेवणारा कॉइल स्प्लिट आहे, पहिल्या आठवड्यात खूप खेळले, आता नॉब ओढतसुद्धा नाही कारण आवाज एकदम बारीक होतो. तुझ्या पुश-पुशचंही तेच होणार बघ. लॉकिंग ट्यूनर्स (तार घट्ट पकडणाऱ्या खुंट्या) मात्र कोणी मागितले तरी परत देणार नाही, तार बदलायला वेळच लागत नाही.
आणि काहीही घे, आधी घराचं अर्थिंग तपासून घे. हातात गिटार आणि ओठ माइकला, अर्थिंग गडबड असेल तर झटका बसतो. चेष्टा नाही.

नाशिकरोड_मेटल
‘फ्लॉइड रोज’ ट्रेमोलोच्या नादाला लागू नकोस एवढंच. कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर एक तार तुटली आणि उरलेल्या पाचही सुरातून गेल्या, तरंगता ब्रिज ना तो. ड्रमरने सोलो घेतला म्हणून वाचलो.

गंगापूर_रोड_टेली
सगळे ट्रस रॉड, एसएस काय घेऊन बसलात, गिटार हातात घेतल्यावर वाजवावीशी वाटते का ते बघा की. माझी टेली (फेंडरची टेलिकास्टर) एकदम जुन्या मापाची, ब्रिजला सहा तारांना मिळून तीनच सॅडल (तारा टेकतात ते तुकडे), इंटोनेशन (नेकभर सूर बरोबर लागणं) परफेक्ट कधीच लागत नाही, आणि सोडणार नाही.

इंदिरानगरचा_बेसूर
@टेली तुम्हाला चालतं कारण सेटअप तुमचा तुम्ही करता. हा पहिल्यांदा घेतोय.
धागाकर्त्या, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकड, सीएसएमटीवरून चालत धोबी तलाव, फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात दोन्ही हातात घे. आधी अ‍ॅम्पशिवाय वाजव. पहिल्या तारेवर बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर बेंड मारून बघ नोट टिकते का, नेकच्या कडेने तळहात फिरव. आणि दुकानात एसी असतो, घरी आणल्यावर दोनेक आठवडे लाकूड आपल्या हवेला रुळू दे, मगच सेटअप कर.

नवीन_स्ट्रॅट_पाहिजे
भारी माहिती मिळाली. म्हणजे देखभाल कमी करणारं घ्यायचं आणि जास्तीचे आवाज देणाऱ्याचे पैसे मोजायचे नाहीत, असं धरून मॉडर्नकडे झुकलोय. पुश-पुश फुकटात येतोय तर येऊ दे. रंगाचं कोणी बोललंच नाही, आई म्हणते लाल घे.

ऑर्केस्ट्रावाले_काका_पंचवटी
आईचं ऐक. आणि अ‍ॅम्पला पैसे उरलेत का ते सांग आधी.