हर्मिट क्रॅब तीन आठवडे वाळूत गाडून घेऊन बसलाय, उकरून बघू का?

वाळूचा_किल्ला:
मावसभाऊ शिकायला बाहेर गेला आणि त्याचं सगळं बिऱ्हाड माझ्या गळ्यात पडलं, दोन हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणि एक लेपर्ड गेको (पाळीव पाल). क्रॅब प्लास्टिकच्या डब्यात आहेत, वरती जाळी, खाली वाळू आणि त्याखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). त्यातला मोठा तीन आठवड्यांपूर्वी वाळूत घुसला तो अजून वर आलेला नाही, मेला असेल का? उकरून बघू? दुसरं म्हणजे तिघांना एकाच काचेच्या टाकीत ठेवलं तर चालेल का, एक मॅट वाचेल. आणि खायला नक्की काय द्यायचं तेही सांगा, भाऊ फोन उचलत नाहीये.

शंखोबा:
उकरू नका!! कात टाकतोय तो. आत जाऊन जुनं कवच सोडतो, नवीन कवच कडक होईपर्यंत अगदी मऊ असतो, तेव्हा हात लागला तर खरंच मरेल. महिना दोन महिने लागतात, मोठ्या क्रॅबला त्याहून जास्त. मेला असेल तर कुजलेल्या मासळीसारखा वास घरभर येतो, कळायचं राहणार नाही. आणि वर कधी नुसता खेकडा पडलेला दिसला तर लगेच फेकू नका, बऱ्याचदा ती पोकळ कात असते आणि तो नंतर तीच खातो, कॅल्शियमसाठी.

मॅट मात्र आजच खालून काढा, गाडलेला प्राणी भाजून निघेल. डब्याच्या मागच्या बाजूला, वाळूच्या पातळीच्या वर लावा. जाळी पण झाका. हे जमिनीवर राहत असले तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात, हवा कोरडी पडली की हळूहळू गुदमरतात, आणि ते इतकं सावकाश होतं की लोकांना वाटतं आपोआप मेला. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास हवी, तापमान २५ ते २८ अंश. आर्द्रता मोजायला एक हायग्रोमीटर ठेवाच.

तो वर आला की मग वाळू बदला, पाच भाग वाळू एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), किल्ला करता येईल इतपत ओली, खोली निदान १५ सेंमी. पाण्याच्या वाट्या दोन, एक गोडी एक खारी, दोन्हीत क्लोरीन काढलेलं पाणी. खाऱ्या पाण्याला ॲक्वेरियमचं समुद्री मीठ, स्वयंपाकघरातलं नाही.

उनाड_कासव:
मी माझा दोनदा उकरून काढलाय, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका नवीन माणसाला.

शंखोबा:
दोनदा वाचला हे तुमचं नशीब, तिसऱ्यांदा बघू नका म्हणजे झालं.

पालीचा_मित्र:
अरे एकत्र अजिबात नको. क्रॅबला दमट पाहिजे, गेकोला कोरडं, ३०-४० टक्के. दोघांपैकी एक कायम आजारी राहणार, शिवाय क्रॅबने गेकोचं बोट चिमटीत धरलं तर ते वेगळंच.

गेकोच्या टाकीची एक बाजू गरम (जमिनीला ३१-३३) आणि दुसरी २५ च्या जवळ, म्हणजे तिला हवं तेव्हा सरकता येतं. थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) मॅट लावू नकोस, मी पहिल्या गेकोच्या वेळी आळस केला आणि बिचारीचं पोट भाजलं, अजून वाईट वाटतं. कात टाकायला एक ओली गुहा दे, नाहीतर बोटांवर कात अडकून बोटं झडतात. खाली सुटी वाळू नको, पोटात जाऊन अडकते.

खाणं म्हणजे जिवंत किडेच, रातकिडे, मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या). ही भाजीपाल्याकडे ढुंकूनही बघत नाही. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. देण्याआधी एक दिवस किड्यांनाच चांगलं खाऊपिऊ घाल, मग कॅल्शियमची पूड लावून सोड. पिल्लाला रोज, मोठीला दोन-तीन दिवसांआड. शेपूट जाड असली की समज खाऊनपिऊन सुखी आहे. बाहेरचे किडे पकडून घालू नकोस, त्यांच्यावर फवारा मारलेला असू शकतो, आणि काजवे तर विषारीच.

वाळूचा_किल्ला:
बापरे, मॅट काढली लगेच. क्रॅबला डबाबंद गोळ्या देतोय, चालेल?

शंखोबा:
मागचं लेबल वाचा, कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद असेल तर बंद करा, या प्राण्यांना तांबं विषारी. फळं, भाज्या, सुकलेली पानं, बिनमिठाची मासळी, सगळं खातात. समुद्रफेनाचा एक तुकडा कायम ठेवा. आणि रिकामे शंख चार-पाच, रंगवलेले नकोत, रंगाचे पोपडे निघाले की ते खातात. तोंड आत्ताच्या शंखापेक्षा जरा मोठं. शंख कमी पडले तर दुसऱ्याला बाहेर खेचून त्याचं घर बळकावतात.

वाळूचा_किल्ला:
अपडेट. जाळीवर काच ठेवली, आर्द्रता ५२ वरून ७८ वर आली, छोटा क्रॅब रात्री चक्क डब्याच्या भिंतीवर चढायला लागलाय, आधी कोपऱ्यात नुसता पडून असायचा. मोठा अजून खालीच, हात लावलेला नाही. गेकोने दोन रातकिडे खाल्ले. तिसरा सुटला तो कपाटामागे आहे आणि रात्रभर किर्र किर्र चालू आहे, त्याला बाहेर कसं काढायचं?