बेसबॉल गेममध्ये खेळाडूंची रेटिंग लपवलेली आहेत, मग .३१४ सरासरीवर किती भरवसा ठेवायचा?

डावखुरा_बॅटर: 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या संघ चालवण्याच्या कॉम्प्युटर गेमच्या आमच्या ऑनलाइन लीगमध्ये रेटिंग (खेळाडूच्या कौशल्याचे गुण) बंद आहेत, फक्त आकडे दिसतात. एका बॅटरचे ३०० प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला उतरण्याच्या वेळा): २५८ अॅट-बॅट (वॉक आणि सॅक्रिफाइस फ्लाय सोडून उरलेल्या), ८१ हिट (चेंडू मारून बेस गाठणं), ७ होम रन, ३९ वॉक (पिचरच्या चार वाईट चेंडूंमुळे मिळालेला फुकट बेस), ५४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), ३ सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद, पण साथीदाराची धाव). हिट भागिले अॅट-बॅट, म्हणजे सरासरी .३१४. त्याचा संघ बदल्यात माझा चांगला पिचर (चेंडू टाकणारा) मागतोय. याचं कॉन्टॅक्ट रेटिंग खरंच एवढं भारी असेल का?

आकडेमोड: सरासरी बाजूला ठेवा. कॉन्टॅक्टमध्ये मुख्यतः दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: स्ट्राइकआउट टाळणं आणि मैदानात मारलेल्या चेंडूवर हिट मिळणं, म्हणजे बॅबिप. त्या वेगळ्या करा. अॅट-बॅटमधून स्ट्राइकआउट आणि होम रन वजा केले, सॅक्रिफाइस फ्लाय मिळवले की २०० चेंडू उरतात. त्यांवर ७४ हिट, म्हणजे बॅबिप .३७०. इथेच गोम आहे. २०० चेंडूंत निव्वळ नशिबाने बॅबिप ३२ अंकांनी (म्हणजे .०३२ने) इकडेतिकडे होतो.

म्हणून खेळाडूच्या आकड्यात लीगच्या सरासरीचे काही 'उसने' चेंडू मिसळायचे. खऱ्या मेजर लीगच्या अभ्यासातून बॅटरच्या बॅबिपसाठी साधारण ८२० चेंडू, वॉकसाठी १२० प्लेट अपिअरन्स आणि स्ट्राइकआउटसाठी ६० असे आकडे वापरतात. लीगचा बॅबिप .३०० धरला तर (७४ + २४६) भागिले १०२० = .३१४. हा बॅबिप आहे, मूळ सरासरीशी आकडा योगायोगाने जुळतो. या बॅबिपने त्याची सरासरी .२७०च्या आसपास येते. वॉकचं मात्र उलट आहे. लीगचा वॉक दर ८ टक्के धरला तरी त्याचे १३ टक्के फक्त ११.६वर उतरतात. त्याची नजर खरी आहे, किंमत तिचीच द्या.

लीग_चालक: पद्धत बरोबर, पण ६०, १२०, ८२० डोळे मिटून घेऊ नका. तुमच्या लीगमधली गुणवत्तेची तफावत वेगळी असू शकते. समजा ५०० प्लेट अपिअरन्सवाल्या बॅटरांचा स्ट्राइकआउट दर सरासरी २२ टक्के आणि प्रमाण विचलन (बॅटरांमधली तफावत) ५.५ टक्के आहे. त्यात नशिबाचा वाटा १.८५, म्हणजे ०.२२ × ०.७८ भागिले ५०० याचं वर्गमूळ. दोघांच्या (०.०५५ आणि ०.०१८५) वर्गांची वजाबाकी करा, ते गुणवत्तेचं खरं विचरण. ०.२२ × ०.७८ ला त्याने भागा, ६४ येतात. एक खाचखळगा: फक्त नियमित खेळणारे घेतले तर कच्चे खेळाडू आधीच गळालेले असतात. त्यामुळे तफावत कमी दिसते आणि उसना आकडा फुगतो.

डावखुरा_बॅटर: त्याच्या घरच्या मैदानाचा होम रन फॅक्टर १.१० आहे, म्हणजे तिथे १० टक्के जास्त होम रन होतात. ७ ला १.१० ने भागू?

आकडेमोड: नाही, निम्मे सामने बाहेर होतात. १.०५ ने भागा. डावखुऱ्या आणि उजव्या बॅटरचे फॅक्टर वेगळे असतात, तेही बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाव्या आणि उजव्या पिचरविरुद्धची रेटिंगही वेगळी असतात. ३००पैकी २७० वेळा तो उजव्यांसमोर उतरला असेल, तर डाव्यांविरुद्ध तो कसा आहे हे या आकड्यांतून कळतच नाही.

लीग_चालक: आणि तो पिचर देण्याआधी त्याचा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, चुकांच्या सोडून) नको, स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन तपासा. पिचरच्या बॅबिपमध्ये नशीब बॅटरपेक्षाही जास्त असतं.