समान घडी म्हणजे समान पूर्वज?

शिक्षिका, शाहूपुरी:
दोन प्रथिनांची घडी, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी दुमडून होणारा आकार, सारखी असली की त्यांचा पूर्वज एकच, यात वादाला जागाच नाही, असे काल इथे लिहिले गेले. मला ते पटत नाही. साखळीतील कोनांना किती थोडी मोकळीक आहे, हे मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्येच दाखवले. आणि सायरस चोथिया यांनी १९९२ मध्ये प्रथिनांची कुळे हजारच्या आसपास असावीत असा अंदाज मांडला. घडीच्या वाटाच मोजक्या असतील, तर एकमेकांना न ओळखणारी माणसेही कोल्हापूरच्या बिंदू चौकात भेटतात.

शेतकरी, कागल:
बाई, ते मीच लिहिले. सोयाबीनच्या मुळावरची ताजी गाठ कापून पाहा, ती आतून गुलाबी असते. तो रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, आणि त्याची घडी प्राण्यांच्या स्नायूंतील मायोग्लोबिनचीच आहे, ज्याची रचना केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये शोधली. अमिनो आम्लांचा क्रम बहुतांशी बदलला, तरी लोहाला धरणारे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल दोन्हीकडे त्याच जागी आहे. याला योगायोग कसे म्हणावे?

संशोधक विद्यार्थिनी, सागरमाळ:
या दोघांच्या ग्लोबिन कुळाचे मान्य, पण साखळीच्या आठ पट्ट्यांभोवती आठ सर्पिले असणाऱ्या, अनेक प्रथिनांत दिसणाऱ्या ‘टिम पिंप’ या घडीचे काय? ही घडी एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली असू शकते, असे पदवीच्या परीक्षेत लिहिल्याबद्दल माझे गुण कापले गेले, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना पुस्तकातलेच वाक्य हवे होते. तो राग अजून गेलेला नाही.

शेतकरी, कागल:
गुण कापले हा अन्याय झाला, पण तो पुरावा नव्हे. त्या पिंपांमध्ये क्रियास्थान, म्हणजे रासायनिक क्रिया घडते ती जागा, नेहमी एकाच टोकाला का असते, ते सांगा.

निवृत्त शिक्षक, राजारामपुरी:
मुळात ‘घडी’ हा शब्दच चुकीचा आहे. साडीची घडी कोणीतरी घालते. अँफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन पूर्ण उलगडले आणि उलगडणारी रसायने काढून घेताच ते स्वतःहून पूर्ववत झाले. त्याच कामासाठी त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले. ‘वळण’ म्हणा.

संशोधक विद्यार्थिनी, सागरमाळ:
सर, मग बीटा-वळणाला काय म्हणायचे? तो शब्द साखळीच्या एका छोट्या तुकड्यासाठी आधीच वापरात आहे.

निवृत्त शिक्षक, राजारामपुरी:
त्याला ‘वाक’ म्हणा! तीस वर्षे मुलांना शिकवताना ‘घडी कोण घालते’ हा एकच प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागला आहे.

शिक्षिका, शाहूपुरी:
शब्दाचा वाद कृपया वेगळा चालवा, मूळ प्रश्न बुडतो आहे.

निवृत्त शिक्षक, राजारामपुरी:
बुडत नाही, बाई. शब्द चुकला की मुले चुकीचेच समजतात, आणि ते मी वर्गात पाहिले आहे.

शेतकरी, कागल:
बाई, तुमच्या मोजक्या वाटांविषयीही एक सांगतो. डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००३ मध्ये ९३ अमिनो आम्लांचे ‘टॉप ७’ हे कृत्रिम प्रथिन घडवले, आणि तशी घडी निसर्गात तोवर कोणाला आढळली नव्हती. म्हणजे वाटा आणखी होत्या, निसर्ग त्या वाटांनी गेलेला दिसत नाही.

शिक्षिका, शाहूपुरी:
हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी मनापासून नाही. मात्र तुमच्या ग्लोबिनचा खटला त्या हिस्टिडीनने जिंकला आहे, नुसत्या आकाराने नव्हे. तेवढे मान्य असेल, तर ‘वादाला जागाच नाही’ हे शब्द मागे घ्या.

शेतकरी, कागल:
ते शब्द मागे घेतो. टिम पिंपाचा पूर्वज मात्र एकच, हे मी अजूनही म्हणतो.