प्रोफाइल कोणी पाहिले हे मला दिसते, मग मी कोणाकोणाला दिसते?

शांतलेखणी (प्रश्न):

नमस्कार. टिकटॉकबद्दल एक शंका आहे आणि ती जरा खाजगी असल्यामुळे ओळखीच्या कोणाला विचारायला संकोच वाटतो. दोन वर्षांपूर्वी वरिष्ठांशी कटुता आल्यामुळे मी एक नोकरी सोडली. परवा रात्री व्हिडिओ चाळता चाळता त्याच वरिष्ठांचे खाते समोर आले आणि मी ते उघडून मिनिटभर पाहिले. लाइक केले नाही, फॉलोही केले नाही. सकाळी इनबॉक्स उघडला, तर त्यांनी माझे प्रोफाइल पाहिल्याची सूचना आलेली होती. तेव्हापासून मनाला चैन नाही. मी पाहिल्याचे त्यांना कळले असेल का? त्यांनी माझे कोणते व्हिडिओ पाहिले हे मला समजू शकते का? शिवाय ‘तुमचे प्रोफाइल पाहणारे सगळे दाखवतो’ असे सांगणारी वेगळी अ‍ॅप्स असतात, त्यांतले एखादे घेतल्यास उलगडा होईल का? माझे खाते सार्वजनिक असून फॉलोअर साधारण तीनशे आहेत.

उंबरठा:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या इनबॉक्समध्येच आहे. प्रोफाइल पाहणाऱ्यांची यादी ही टिकटॉकवर दुतर्फा चालणारी सोय आहे; म्हणजे पाहणाऱ्याने आणि ज्याचे प्रोफाइल पाहिले गेले त्याने, अशा दोघांनीही ती सुरू ठेवलेली असेल तरच नाव दिसते. त्यांचे नाव तुम्हाला दिसले, त्या अर्थी त्यांच्याकडे आणि तुमच्याकडे ती सुरू आहे. परवा रात्रीही ती सुरूच असेल, तर तुमचे नावही त्यांच्या यादीत गेले असे धरून चाला. हे ऐकायला बरे वाटणार नाही याची जाणीव आहे, पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा ठाम माहिती असलेली बरी. या यादीत फक्त गेल्या 30 दिवसांतील नावे असतात आणि प्रत्येकाची यादी त्याची त्यालाच दिसते. वय किमान 16 वर्षे आणि फॉलोअर 5,000 पेक्षा कमी असलेल्या खात्यांनाच ही सोय मिळते, त्यामुळे मोठ्या खात्याचे प्रोफाइल पाहिल्यावर अशी सूचना जात नाही.

सोय बंद करायची असेल तर सेटिंग्ज अँड प्रायव्हसीमध्ये जाऊन प्रायव्हसी निवडा आणि तिथले प्रोफाइल व्ह्यूज बंद करा. मात्र बंद केल्यावर तुम्हालाही कोणाचे नाव दिसणार नाही. मला हा नियम न्याय्य वाटतो. स्वतः आडोशाला राहून इतरांची ये-जा टिपण्याची मुभा कोणालाच मिळू नये.

व्हिडिओंपुरते बोलायचे तर खाली दिसणारा आकडा हा आकडाच असतो, त्यामागची सगळी नावे उघड होत नाहीत. व्हिडिओ कोणी पाहिला हे दाखवणारी सोय स्वतंत्र आहे, तिचे बटण वेगळे आहे आणि तिलाही परस्परतेचाच नियम लागू होतो. तेव्हा दोन्ही बटणे तपासा, कारण एक बंद केले की दुसरे आपोआप बंद झाले असे अनेकांना वाटते.

पाऊलखूण:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल कळकळीने सांगते, तसले अ‍ॅप घेऊ नका. मी घेतले होते. उघडल्याबरोबर त्याने माझ्या खात्याचे नाव आणि पासवर्ड मागितला, मग दहा-बारा ‘पाहणाऱ्यां’ची यादी दाखवली. त्यांतले निम्मे तर माझेच फॉलोअर होते, म्हणजे जी नावे कोणालाही उघड दिसतात तीच पुढे केली होती. तिसऱ्या दिवशी माझ्या खात्यावरून माझ्याच मैत्रिणींना बक्षिसाच्या लिंक जाऊ लागल्या. पासवर्ड बदलणे, लॉग-इन असलेल्या उपकरणांच्या यादीतून अनोळखी उपकरण काढून टाकणे आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करणे यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि त्यानंतर प्रत्येक मैत्रिणीची क्षमा मागावी लागली ती वेगळीच. प्रोफाइल पाहणाऱ्यांची माहिती टिकटॉक बाहेरच्या अ‍ॅपला देतच नाही. जी माहिती त्या अ‍ॅपपर्यंत पोहोचतच नाही, ती ते तुम्हाला कुठून दाखवणार?

इन्स्टाग्रामवर तर प्रोफाइल पाहणाऱ्यांची नावे दिसतच नाहीत आणि रीलखाली फक्त संख्या दिसते. स्टोरी पाहिली की मात्र नाव उमटते. एका ठिकाणची सवय घेऊन दुसरीकडे वावरताना नेमकी इथेच गफलत होते.

मधलीओळ:

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण माझ्या मते अधिक गंभीर मुद्दा वेगळा आहे. तुम्ही त्यांचे खाते शोधले नव्हते, ते तुमच्यासमोर आले. ते का आले असावे याचा विचार करा. तुमच्या फोनमध्ये त्यांचा क्रमांक अजून असेल आणि अ‍ॅपला संपर्कयादी वाचण्याची परवानगी दिलेली असेल, तर खाती सुचवताना तिचा उपयोग होतो. त्यांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक असला, तर तुमचे खातेही त्यांना याच मार्गाने सुचवले जाऊ शकते. प्रायव्हसीमध्येच ‘तुमचे खाते इतरांना सुचवा’ अशा अर्थाचा भाग आहे. त्यात संपर्कयादीतील लोक, फेसबुकवरील मित्र, सामायिक ओळखी असलेले लोक आणि लिंक पाठवणारे किंवा उघडणारे लोक असे चार निरनिराळे पर्याय असतात. चारही बंद करता येतात.

त्यातला लिंकचा पर्याय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपण एखादा व्हिडिओ दुसऱ्याला पाठवतो तेव्हा त्या लिंकवरून ती कोणी पाठवली हे अ‍ॅपला ओळखता येते. म्हणून एखाद्या मोठ्या गटात व्हिडिओ टाकला की कोण कुठला सदस्य, त्यालाही आपले खाते सुचवले जाण्याची वाट मोकळी होते. लिंक आधी ब्राउझरमध्ये उघडून, पूर्ण पत्त्यातील प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग काढून मगच ती पाठवावी, अशी सवय मी लावून घेतली आहे.

आणखी एक बाब. सोय बंद केल्याने आपण दुसऱ्या वापरकर्त्यापासून झाकले जातो, कंपनीपासून नाही. कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो, कोणता अर्धवट सोडला, यावरच पुढचे व्हिडिओ ठरतात आणि त्या नोंदी सुरूच राहतात.

शांतलेखणी:

सर्वांचे मनापासून आभार. प्रोफाइल व्ह्यूज बंद केले. संपर्कयादीची परवानगी खरोखरच सुरू होती. ती काढली आणि आधी जुळवलेले संपर्कही हटवले. आता खाते खाजगी करण्याचा विचार आहे. तसे केले तर त्यांना माझे जुने व्हिडिओ दिसणे थांबेल का?

उंबरठा:

ते तुमचे फॉलोअर नसतील तर थांबेल. नाव, चित्र आणि ओळखीच्या दोन ओळी मात्र दिसत राहतील. परंतु खाजगी केल्याने आधीचे फॉलोअर गळत नाहीत, त्यांना सगळे पूर्वीसारखेच दिसते. म्हणून आधी तीनशे नावांची यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा आणि नको असलेली नावे एकेक करून काढा. त्यांच्यापुरताच प्रश्न असेल, तर खाते सार्वजनिक ठेवून त्यांना ब्लॉक करणे हाही मार्ग आहे. मात्र लॉग-इन न करता ब्राउझरमधून सार्वजनिक खाते पाहणाऱ्याला ब्लॉकची आडकाठी होत नाही आणि त्याचे नावही कुठे उमटत नाही, त्यामुळे तुमच्या परिस्थितीत मी खाते खाजगी करण्याचाच सल्ला देईन.