लिव्हरची बायोप्सी आता कशाला?

बिनसुईवाला: दीर्घकालीन यकृतविकारात व्रण (यकृतातले कडक वण) किती पडलेत हे पाहायला अजून सरसकट सुई टोचून यकृताचा तुकडा काढायचा? फायब्रोस्कॅन, म्हणजे अल्ट्रासाऊंडनं यकृताचा कडकपणा मोजणारं मशीन, २००३ पासून आहे. उजवा हात डोक्यामागे घेऊन पडायचं, बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकला की टिचकीसारखे धक्के बसतात, दहा मिनिटांत कडकपणा किलोपास्कलमध्ये हातात. सुईला यकृताचा जेमतेम ५०,०००वा भाग मिळतो, स्कॅन त्याच्या निदान १०० पट मोजतो. बायोप्सी अपवादापुरती ठेवा.

स्लाइडवाला: १०० पट मोजतो, पण काय? कडकपणा. व्रण नव्हे! हिपॅटायटिस भडकला, पित्त तुंबलं, हृदय थकून यकृतात रक्त साचलं, आकडा चढलाच. जेवून गेलात तरी चढतो. एएलटी (रक्तातलं यकृताचं एन्झाइम) पाचपट असताना काढलेला १४ किलोपास्कल पाहून घरचे सिरॉसिस (व्रणांनी यकृत पार कडक होणं) म्हणत रडारड सुरू करतात.

बिनसुईवाला: यात मशीनचा काय दोष? किमान ३ तास उपाशी, १० वैध मोजमापं, आणि आयक्यूआर (मधल्या निम्म्या मोजमापांची पसरण) मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत. हे नसलेला रिपोर्ट परत पाठवा. बायोप्सीतही एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टचं जमत नाहीच की.

स्लाइडवाला: नाही जमत, मान्य. पण ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो) आहे की आणखी काही, हे तुमचा किलोपास्कल सांगणार?

एमआरवाली: दोघंही फायब्रोस्कॅनच्या अल्ट्रासाऊंडपाशीच अडकलात. पोटात पाणी झालं की फायब्रोस्कॅनची लहर पुढे जातच नाही, लठ्ठ पेशंटला एक्सएल प्रोब (जास्त खोलवर मोजणारा) शोधा. एमआर इलास्टोग्राफी (एमआरआयनं कडकपणा मोजणं) यकृताचा बराच मोठा भाग दाखवते, पाण्यानं अडत नाही. (लोह फार साचलं असेल तर मात्र तीही हात टेकते.)

बिनसुईवाला: ताई, सिरॉसिसनं पोटात पाणी झाल्यावर व्रण मोजून करायचं काय? खरी गरज त्याआधी. वय, एएसटी (एएलटीसारखंच एन्झाइम), एएलटी, प्लेटलेट यांवरून फिब-४ हा व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढा, १.३ च्या खाली असेल तर बहुतेकांना स्कॅनही नको. पुढच्या टप्प्यातही २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट १.५ लाखांच्या वर असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठीची एंडोस्कोपी टळते. बायोप्सीनं कुणाची एंडोस्कोपी टळलीय?

स्लाइडवाला: १० किलोपास्कलच्या खाली ‘सिरॉसिस नाही’ नि १५ च्या वर ‘आहे’ असं बोलणं सोपं आहे हो. १२ आला की?

एमआरवाली: उपाशीपोटी पुन्हा स्कॅन. तरी १२ च आला तर एमआर.

स्लाइडवाला: आणि एमआरही काठावर आला, की पाठवाल आमच्याकडे.

बिनसुईवाला: पाठवू. मी अपवादच म्हणालो होतो.